भाजायचा मासा कच्चा विकताना: नॉर्वेच्या ‘प्रोजेक्ट जपान’चं प्रकरण

सरकारी व्यापार शिष्टमंडळाची कार्यक्रमपत्रिका कुठल्याही देशाची उचला, मजकूर जवळपास तोच निघतो. पहिल्या संध्याकाळी दूतावासात स्वागत आणि जेवण. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात वीस-वीस मिनिटांच्या भेटी, मध्ये दुभाषी, टेबलावर व्हिजिटिंग कार्डांचा ढीग. तिसऱ्या दिवशी एखादा सामंजस्य करार आणि मंत्र्यांचा हस्तांदोलनाचा फोटो. परतल्यावर पत्रक निघतं, त्यात ‘बोलणी सुरू असलेल्या’ व्यवहारांचा आकडा असतो आणि तो नेहमी घसघशीत असतो. त्या बोलण्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला सहा महिन्यांनी कुणी फिरकत नाही.

म्हणून ज्या दौऱ्याचा माग नंतरची दहा वर्षं काढता येतो, असाच दौरा अभ्यासाला घ्यावा असं मला वाटतं. 1985 साली नॉर्वेचे मत्स्यव्यवसाय मंत्री थोर लिस्टाउ हे सरकारी अधिकारी, निर्यातदार आणि मत्स्यव्यवसायातल्या संघटनांचे प्रतिनिधी अशा वीसेक जणांना घेऊन टोकियोला गेले. त्या दौऱ्यातून जपानमध्ये नॉर्वेची मासळी खपवण्यासाठी ‘प्रोजेक्ट जपान’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला. आज जपानमध्ये फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या (भाताच्या मुटक्यावर बहुधा कच्च्या माशाचा काप) बशा येतात त्या दुकानांत सगळ्यात लाडका मासा सॅल्मन आहे. मारुहा निचिरो ही तिथली मोठी मत्स्य कंपनी दरवर्षी गिऱ्हाइकांची पाहणी करते, तीत गेली दहा वर्षांहून अधिक काळ पहिला क्रमांक त्याचाच लागतो. नवल असं की लिस्टाउंचं विमान टोकियोला उतरलं तेव्हा जपानी माणूस सॅल्मन कच्चा खातच नव्हता. सुशीवर सॅल्मन ठेवणं त्याला चमत्कारिक वाटलं असतं.

ही गोष्ट हल्ली ‘सॅल्मन सुशीचा शोध नॉर्वेने लावला’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. वाक्य चटकदार आहे, पण त्यात प्रकरणाचा सगळा रस निघून जातो.

दोघांची गरज

नॉर्वेला मासळीची वाण कधीच नव्हती. नवीन होती ती मत्स्यशेती. 1970 साली हिट्रा बेटावर ग्रॉन्टवेट बंधूंनी समुद्रात तरंगणाऱ्या पिंजऱ्यात सॅल्मनची पिल्लं सोडली, ती जगली, वाढली आणि विकलीही गेली. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते पाहिलं आणि जो तो परवाना मागू लागला. 1980 साली पिंजऱ्यातल्या सॅल्मनचं उत्पादन सुमारे 4 हजार टन होतं. 1990 येईतो ते दीड लाख टनांच्या घरात गेलं. या धंद्याची एक खोड लक्षात घ्यायला हवी. पिल्लू समुद्रात सोडल्यापासून विकण्याजोगं व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणजे आज पिंजऱ्यांत किती पिल्लं आहेत हे मोजलं की दोन वर्षांनी बाजारात किती माल आदळणार ते कळतं, आणि मासा एकदा वाढीला लागला की त्याला थांब म्हणता येत नाही. 1985 मध्ये भाव बरे होते. पण हिशोब मांडणाऱ्याला पुढचं दिसत होतं. देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या थोडी वर, गिऱ्हाईक मुख्यतः युरोप आणि अमेरिका.

जपानकडची परिस्थिती उलट होती. 12 कोटी लोक, मासळीवर जीव, आणि जगभरच्या समुद्रांत जाऊन मासे पकडणारा अवाढव्य ताफा. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एकामागून एका देशाने आपल्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचं पाणी आपलं म्हणून जाहीर केलं आणि त्या ताफ्याच्या पायाखालचा समुद्रच सरकला. पूर्वी स्वतः पकडायचा तो मासा आता विकत घ्यायची वेळ आली. शिवाय सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर उतरवण्याचं ठरवलं. तेव्हा डॉलरला 240 च्या आसपास येन पडत होते, 1987 संपताना 120 च्या आसपास पडू लागले. जपानी आयातदाराच्या हातात अचानक जास्त पैसा खुळखुळू लागला. नॉर्वेच्या शिष्टमंडळाला हे आधी माहीत असणं शक्य नव्हतं. नशीब म्हणतात ते हेच, आणि कुठल्याही यशोगाथेत त्याचा वाटा पहिल्यांदा वजा करायला हवा.

दौऱ्याच्या वेळी सॅल्मन हा नॉर्वेचा मुख्य माल मुळीच नव्हता. जपानी लोक ‘शिशामो’ नावाचा पोटात अंडी भरलेला चिमुकला मासा आवडीने अख्खा भाजून खातात. त्याच्या जागी नॉर्वेच्या उत्तरेकडचा केपलिन खपत असे. मॅकरेल होता, हॅलिबट होता. या मालाला गिऱ्हाईक तयार होतं, प्रश्न फक्त किती आणि काय भावाने एवढाच. त्यातही गंमत बघा. 1980 च्या दशकाच्या मध्याला बॅरेंट्स समुद्रातला केपलिनचा साठाच कोसळला आणि काही वर्षं त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. ज्या मालावर दौऱ्याची भिस्त होती, तोच समुद्रातून दिसेनासा झाला. मंत्री कितीही मोठा असो, समुद्रात मासा नसेल तर तो काय विकणार?

‘हा मासा कच्चा खात नाहीत’

ब्योर्न एरिक ओल्सेन हे या प्रकल्पाचे बाजार-अभ्यासक. नंतरच्या काळात त्यांनी हा अनुभव जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. त्यांच्यापुढचा पेच असा होता. जपानमध्ये सॅल्मन भरपूर खाल्ला जात होता, पण तो मीठ लावून भाजलेला. सकाळच्या जेवणात भात, सूप आणि शेजारी खारवलेल्या सॅल्मनचा तुकडा, हे घरोघरचं ताट. त्या ताटातला मासा प्रशांत महासागरातला. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर त्याची पैदास वाढत होती, अलास्कातून गोठवलेला लालभडक सॉकाय सॅल्मन जहाजं भरून येत होता. तिथे अर्ध्या जगाला वळसा घालून आलेल्या, पिंजऱ्यात खाद्य घालून वाढवलेल्या महागड्या नॉर्वेजियन माशाचं काय काम? भाजायच्या बाजारात उतरायचं तर स्वस्तातल्या स्वस्ताशी टक्कर घ्यावी लागणार होती.

कच्च्या माशाचा बाजार मात्र वेगळ्याच भावाने चालतो. सुशी आणि साशिमी (भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप) यांसाठी लागणारा मासा भाजायच्या माशाच्या कित्येक पट किमतीला जातो, कारण तिथे ताजेपणा, चरबी, पोत यांचे पैसे मिळतात. आणि नॉर्वेच्या माशात नेमकी हीच चीज होती. पिंजऱ्यातला अटलांटिक सॅल्मन चरबीदार, मऊ, वर्षभर एकाच मापाचा. कागदावर तो कच्चा खाण्यासाठीच जन्माला आल्यासारखा दिसत होता.

अडचण एवढीच की जपानी खरेदीदारांना तसं वाटत नव्हतं. ओल्सेन सांगतात त्याप्रमाणे उत्तरं ठरलेली असत. सॅल्मन आम्ही कच्चा खात नाही. रंग बरोबर नाही, आणखी लाल हवा. वास नदीचा येतो. डोक्याचा आकारच चुकीचा आहे. यातल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर देता येईल असं वाटतं, पण गिऱ्हाईक जेव्हा माशाच्या डोक्याच्या आकारावर येतं तेव्हा समजावं की खरं कारण दुसरीकडे आहे.

खरं कारण होतं अनिसाकिस. समुद्रात फिरणारा सॅल्मन लहान कोळंबीवर्गीय जीव आणि मासे खातो, त्यांच्यातून या कृमीच्या अळ्या त्याच्या मांसात येतात. असा मासा कच्चा पोटात गेला तर माणूस कळवळतो. हे ज्ञान जपानी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं होतं. ‘सॅल्मन शिजवूनच खावा’ हा कुणी घातलेला नियम नव्हता, आईने मुलीला सांगितलेली साधी गोष्ट होती. अपवादही या नियमाचीच साक्ष देतो. होक्काइदोचे मूळ रहिवासी आइनू लोक ‘रुइबे’ नावाचा प्रकार करतात: थंडीत सॅल्मन बाहेर गोठवायचा आणि अर्धवट गोठलेलाच पातळ कापून खायचा. कडक गोठवल्याने अळ्या मरतात. सूक्ष्मदर्शक नसतानाही लोकांना ते ठाऊक होतं.

पिंजऱ्यातल्या माशाची गोष्ट निराळी. तो कारखान्यात भाजून-वाळवून केलेल्या गोळ्या खातो, त्यामुळे त्या अळ्यांचा शिरकाव व्हायची वाटच बहुतांशी बंद होते. नॉर्वेकडे याहून चांगला मुद्दा नव्हता. पण हा मुद्दा जाहिरातीत वापरायचा कसा? ‘आमच्या माशात किडे नाहीत’ असं छापलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा किडेच येतात. विक्रीच्या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही हा तिढा ओळखीचा वाटेल: तुमचा सर्वात मोठा गुण असा असतो की त्याचा उच्चार केला की तोटा होतो. प्रचार मग थंड, स्वच्छ समुद्राचा झाला. फियोर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्या, बर्फ, निळं पाणी. कृमी हा शब्दच नको.

दुसरी गोष्ट नावाची. जपानी भाषेत सॅल्मनला ‘साके’ किंवा ‘शाके’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की खारवून भाजलेला तुकडा समोर येतो. नॉर्वेने आपल्या माशाला ‘नोरुवे सामोन’ म्हटलं. इंग्रजी शब्दाचा जपानी उच्चार, परक्या शब्दांसाठी असलेल्या काताकाना लिपीत लिहिलेला. ‘सामोन’ हा शब्द जपानी कानाला पूर्ण नवा नव्हता. पाश्चात्त्य हॉटेलांत मिळणाऱ्या धुरी दिलेल्या सॅल्मनमुळे तो ओळखीचा होता, आणि तो पदार्थ न शिजवताच खातात. साके शिजवायचा, सामोन नाही. एका लिपीच्या निवडीने माशाची जात बदलली म्हटलं तरी चालेल. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात हुशार निर्णय वाटतो, आणि तो टोकियोत माणूस बसवल्याशिवाय सुचणं कठीण होतं. चार दिवसांच्या दौऱ्यात भाषेतल्या असल्या खाचा दिसत नाहीत.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं: आयातदारांना पुन्हा पुन्हा भेटणं, हॉटेलांच्या आचाऱ्यांना मासा देऊन बघणं, दूतावासातल्या जेवणांत तो कच्चा वाढणं, प्रदर्शनांत चाखायला ठेवणं. वर्षामागून वर्षं. हो म्हणणारे थोडे.

एकट्या कंपनीने हे केलं असतं का?

इथे प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

समजा तुम्ही नॉर्वेतले एक निर्यातदार आहात. जपानी लोकांचं सॅल्मनबद्दलचं मत बदललं तर बाजार प्रचंड आहे हे तुम्हाला पटलेलं आहे. मत बदलायला पाच-सात वर्षं आणि बक्कळ पैसा लागेल हेही दिसतंय. तुम्ही तो खर्च कराल? केलात आणि यश आलं, तर आठव्या वर्षी शेजारच्या फियोर्डमधला दुसरा निर्यातदार त्याच आयातदाराला फोन करेल आणि किलोमागे थोडा कमी भाव सांगेल. तुम्ही नांगरलेल्या शेतात पीक तो काढेल. अपयश आलं तर बुडालात ते तुम्ही एकटेच. कुठलाही शहाणा मालक हा खर्च करणार नाही, आणि तो शहाणा आहे म्हणूनच करणार नाही.

सरकारने या बाजारात घातलेल्या हाताचं समर्थन एवढ्यापुरतंच आहे, असं माझं मत. भेटी ठरवून देणं, यादी पुरवणं, दुभाषी देणं ही कामं खाजगी सल्लागारही करतात, पैसे घेऊन आणि बहुधा जास्त चांगली. पण अख्ख्या देशाच्या मालाबद्दलचं मत बदलणं ही अशी वस्तू आहे की तिची किंमत सगळ्यांनी मिळून द्यावी लागते. ‘प्रोजेक्ट जपान’वर सरकार आणि व्यवसाय यांचा मिळून सुमारे 3 कोटी क्रोनर (नॉर्वेचं चलन) खर्च झाल्याचं सांगितलं जातं. सरकारी अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे. तरी ती एका मत्स्यशेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती.

दुसरी बाजू वेळेची. लिस्टाउ स्वतः 1985 च्या शरद ऋतूतच मंत्रिपदावरून गेले. मे 1986 मध्ये पंतप्रधान कोरे विलोक यांचं सरकार पडलं आणि मजूर पक्षाच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड आल्या. 1989 मध्ये पुन्हा सत्तापालट, 1990 मध्ये ब्रुंटलांड परत. म्हणजे ज्या मंत्र्याने दौरा काढला त्याचा पक्ष सत्तेबाहेर गेला, आला, पुन्हा गेला, आणि प्रकल्प 1991 पर्यंत चालू राहिला. आधीच्या मंत्र्याच्या लाडक्या योजनेचं नवा मंत्री काय करतो हे आपण सगळे जाणतो. निदान या बाबतीत नॉर्वेच्या राजकारण्यांनी हात आवरला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. टोकियोतल्या खरेदीदाराला ओस्लोतलं सरकार कोणाचं आहे याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मागच्या वर्षी भेटलेला माणूस यंदाही येतो की नाही एवढंच तो बघत होता.

1991: मासा गोठतो, घाम फुटतो

दरम्यान, पिंजऱ्यांतला हिशोब खरा ठरला. 1980 च्या दशकाच्या शेवटी माल इतका झाला की भाव कोसळले. नॉर्वेत शेतातल्या सॅल्मनची पहिली विक्री मत्स्यशेतकऱ्यांच्या एका विक्री संस्थेमार्फतच करावी लागे, तसा कायदाच होता. भाव टिकवण्यासाठी या संस्थेने 1990 पासून माल विकत घेऊन गोठवायला सुरुवात केली. शीतगृहात हजारो टन सॅल्मन साठला आणि त्या साठ्यावर कर्ज. अमेरिकेतल्या मत्स्यशेतकऱ्यांनी नॉर्वे पडत्या भावाने माल ओततो अशी तक्रार केली, आणि 1991 मध्ये अमेरिकेने नॉर्वेच्या ताज्या सॅल्मनवर एकूण सुमारे 26 टक्क्यांचं जादा शुल्क बसवलं. ती बाजारपेठ एका फटक्यात गेली. नोव्हेंबर 1991 मध्ये विक्री संस्थेने दिवाळं काढलं.

आता ओल्सेन यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मायदेशी गोठलेल्या माशाचे डोंगर, बँका दारात, शेतकरी बुडतायत. जपानचा बाजार अवाढव्य आणि भाजायचा सॅल्मन तिथे रोज खपतो. भाव पाडला की उद्या माल हलेल. मग ‘कच्चाच विका’ हा हट्ट कशासाठी? एकदा नॉर्वेचा सॅल्मन सुपरमार्केटात भाजायच्या माशांच्या रांगेत, अलास्काच्या माशाशेजारी, त्याच्याच भावाला लागला, की पाच वर्षांत ‘सामोन’ नावाभोवती जे उभं केलं ते संपलं. गिऱ्हाइकाला पुन्हा ‘हा मासा वेगळा आहे’ सांगायला तोंड उरलं नसतं. पण हा युक्तिवाद ज्याच्या घरावर जप्ती आली आहे त्याला ऐकवणं सोपं नाही. मत्स्यशेतकऱ्यांचा राग मला पूर्ण समजतो.

ओल्सेन यांनी मार्ग काढला तो असा. निचिरेई ही जपानमधली गोठवलेल्या खाद्यपदार्थांची बडी कंपनी. तिच्याशी 5 हजार टनांचा सौदा झाला. भाव अगदी पडता. पण अट घातली: हा माल भाजण्यासाठी विकायचा नाही, दुकानांत सुशीसाठी म्हणूनच विकायचा.

या सौद्याकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. सवलत दिली ती भावात, दर्जाच्या ओळखीत नाही. मालाचा डोंगर थोडा का होईना हलला, आणि आजवर थोड्या हॉटेलांपुरता असलेला कच्चा सॅल्मन एका मोठ्या कंपनीच्या वितरणातून थेट घराजवळच्या दुकानापर्यंत पोचला. माल गोठवलेला होता, म्हणजे अळ्यांची उरलीसुरली शंकाही मिटलेली. आणि ‘हा मासा कच्चा खाता येतो’ हे आता परक्या देशाचा दूतावास सांगत नव्हता, ओळखीची जपानी कंपनी सांगत होती. पाच वर्षं जे सांगून पटलं नाही, ते सांगणारं तोंड बदलल्यावर पटू लागलं. मंदीच्या घाईत केलेला हा सौदा प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात कुठेही नसणार, हे उघड आहे.

नंतर काळानेही साथ दिली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचा आर्थिक फुगा फुटला. महागड्या सुशीगृहांत जाणारा माणूस पट्ट्यावरून बशा फिरणाऱ्या स्वस्त दुकानांकडे वळला. असं पहिलं दुकान ओसाकात 1958 सालीच निघालं होतं, पण साखळ्यांचं खरं पेव फुटलं ते या दिवसांत. या दुकानांना हवा होता बारमाही मिळणारा, ठरलेल्या मापाचा, बेताच्या भावाचा, मुलांनाही आवडेल असा मासा. पिंजऱ्यातला सॅल्मन त्या साच्यात चपखल बसला. जुन्या वळणाच्या टोकियोतल्या कित्येक सुशी कारागिरांच्या काउंटरवर तो आजही मिळत नाही, आणि त्यांना विचारलंत तर त्याबद्दल फारसं बोलतही नाहीत.

हिशोब

नॉर्वेची जपानला होणारी एकूण मासळी निर्यात 1985 च्या सुमारास 50 कोटी क्रोनर होती, 1991 मध्ये ती 180 कोटींवर गेली असं सांगितलं जातं. साडेतीनपटीहून जास्त. खर्च 3 कोटी. शिष्टमंडळांचे समर्थक हा आकडा फलकावर लावतात.

मी लावणार नाही. या निर्यातीत सॅल्मनखेरीज बाकीची मासळीही आहे. येन दुपटीने वधारला तो नॉर्वेमुळे नाही. जपानला बाहेरून मासा घ्यावाच लागणार होता. आणि सॅल्मन सुशीचं ज्याला यश म्हणतात ते 1991 मध्ये दिसतच नव्हतं. त्या वर्षी प्रकल्प संपला, विक्री संस्था बुडाली, गोदामं भरलेली होती. त्या डिसेंबरात एखाद्या लेखापरीक्षकाने वही बंद करून शेरा मारला असता तर तो बहुधा ‘कच्च्या सॅल्मनचा प्रयोग फसला’ असाच असता. त्याच्या शेऱ्यात आकड्यांची चूकही निघाली नसती.

दौऱ्यांनी निर्यात वाढते का, याचा मोजून अभ्यास झालेला आहे. कॅनडाने 1994 पासून पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली ‘टीम कॅनडा’ नावाने मोठमोठी शिष्टमंडळं देशोदेशी नेली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा परिणाम तपासला आणि 2010 मध्ये निष्कर्ष मांडला: ज्या देशांत शिष्टमंडळं गेली तिथे कॅनडाचा व्यापार मुळातच जास्त होता, ते बाजूला काढलं तर दौऱ्यामुळे व्यापार वाढल्याचा ठोस पुरावा उरत नाही. उलट दूतावास आणि वकिलाती कायम असण्याचा निर्यातीशी संबंध दिसतो असं सांगणारा अभ्यासही आहे, जरी तिथे तो संबंध लहानच आहे. नॉर्वेचं प्रकरण या दोन्हींच्या शेजारी ठेवलं की विसंगती वाटत नाही. 1985 चा दौरा झाला नसता तर कदाचित टोकियोत माणूस बसवायला पैसा मंजूर झाला नसता. पण मासा विकला तो त्या बसलेल्या माणसाने.

आणखी एक काटा या हिशोबात राहतो. जपानी माणूस सॅल्मन कच्चा खायला शिकला तो ‘नॉर्वेचा’ सॅल्मन म्हणून. पण खायला शिकल्यावर तो फक्त नॉर्वेचाच खाईल असं थोडंच आहे? चिलीने याच काळात मत्स्यशेती उभारली आणि त्याचे ट्राउट आणि कोहो सॅल्मन जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर पोचले. एका कंपनीने नांगरलेलं शेत शेजारच्या कंपनीने खाऊ नये म्हणून सरकारने खर्च उचलला, तर सरकारांमध्येही तोच खेळ सुरू झाला. देशातल्या देशात या दुखण्यावर नॉर्वेने उपाय केला: 1991 मध्ये ट्रॉम्सो इथे मासळी निर्यात परिषद स्थापन झाली आणि तिचा खर्च प्रत्येक निर्यातदाराकडून मालाच्या किमतीवर बसवलेल्या सक्तीच्या उपकरातून चालू लागला. फायदा सगळ्यांना, म्हणून वर्गणीही सगळ्यांना. निर्यातदार त्या उपकराबद्दल अधूनमधून कुरकुर करतात, तीही समजण्यासारखी. चिलीकडून मात्र उपकर वसूल करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

ओल्सेन आपल्याला यश आलंय हे कधी कळलं याबद्दल जे सांगतात ते निर्यातीच्या तक्त्यांबद्दल नाही. जपानमध्ये खाणावळींच्या काचेच्या खिडकीत पदार्थांचे प्लॅस्टिकचे हुबेहूब नमुने मांडून ठेवायची पद्धत आहे. आत काय मिळतं ते बाहेरूनच दिसावं म्हणून. हे नमुने कारागीर तयार करतात, ते स्वस्त नसतात, आणि जो पदार्थ बारा महिने हमखास खपतो त्याचाच नमुना कुणी बनवून घेतं. 1990 च्या दशकाच्या मध्याला त्यांना अशाच एका खिडकीत भाताच्या मुटक्यावर नारिंगी, पांढऱ्या रेघांचा प्लॅस्टिकचा तुकडा दिसला.

आता जपानच्या डोंगराळ भागातल्या तळ्यांत आणि किनाऱ्यालगतच्या पिंजऱ्यांत तिथलेच मत्स्यशेतकरी कच्चा खाण्यासाठी ट्राउट आणि सॅल्मन वाढवतात. गावागावाची वेगळी नाममुद्रा आहे, अशा नावांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. मासा जपानी, पाणी जपानी, शेतकरी जपानी. नावात मात्र ‘साके’ क्वचितच दिसतं. बहुतेक जण काताकानात ‘सामोन’च लिहितात.